लेन्स एका कंपनीची, कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा

परळ, लालबाग, नायगाव, दादर, गिरगाव या भागांत लग्नसराई सुरू झाली की गळ्यात कॅमेरा अडकवलेली तरुण मुले हॉलच्या दाराशी दिसू लागतात. कोणी दिवसा कुरिअरचे काम करतो, कोणी कॉलेजात शिकतो, कोणी कुठे हंगामी कामावर आहे. सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचे आणि घरखर्चाला हातभार लावायचा, हा त्यांचा जोडधंदा. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु बहुतेक मुले कॅमेऱ्यासाठी हप्ते डोक्यावर घेतात, आणि कॅमेरा घरी आल्यावर त्यांना कळते की खरा खर्च पुढेच आहे. बॉडी एकदा घेतली की काही वर्षे चालते. लेन्स मात्र दोन-तीन लागतात, आणि चांगल्या लेन्सची किंमत बॉडीइतकी, कधी तिच्याहूनही जास्त असते.

दुसऱ्या बाजूला, त्याच घरातल्या किंवा शेजारच्या घरातल्या लोखंडी कपाटात एखादी जुनी लेन्स पडून असते. वडिलांनी किंवा मामांनी रोलच्या कॅमेऱ्याबरोबर घेतलेली. रोलचा जमाना सरला, कॅमेरा बंद पडला, पण लेन्स तशीच राहिली. तिची काच बहुधा अजून शाबूत असते. मग साहजिकच प्रश्न येतो की, ही दुसऱ्या कंपनीची जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्याला चालेल काय?

आमचे उत्तर असे : पुष्कळदा चालते, काही वेळा मुळीच चालत नाही, आणि चालली तरी काही सोयी सोडाव्या लागतात. यातले काय होणार हे कंपनीच्या नावावरून ठरत नाही, ते मिलिमीटरवरून ठरते. हे मिलिमीटर ज्याला समजले त्याला दुकानदार फसवू शकत नाही. म्हणून हा हिशेब आज आपण नीट मांडू या.

एकच आटा, अनेक देश

आपल्या आधीच्या पिढीने ज्या कॅमेऱ्यांनी फोटो काढले त्यांतल्या अनेकांची लेन्स काढताच येत नसे. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री घ्या, किंवा स्टुडिओवाल्यांचा आवडता याशिका मॅट घ्या. लेन्स बॉडीलाच पक्की. लेन्स बदलता येणारा कॅमेरा ही श्रीमंती होती.

पण जगात एक चांगली सोय फार आधी झाली होती. १९४९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातून ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची लेन्स बाजारात आली. बाटलीचे झाकण फिरवून बसवावे तशी ती बॉडीत फिरवून बसवायची. याला एम-४२ म्हणतात. पुढे पूर्व जर्मनीचा प्राक्टिका, रशियाचा झेनिट आणि जपानचा पेंटॅक्स या तिन्ही कॅमेऱ्यांनी हाच आटा वापरला. देश वेगळे, राजवटी वेगळ्या, पण आटा एक! झेनिटबरोबर येणारी ५८ मिलिमीटर, एफ/२ ची हेलिओस लेन्स पेंटॅक्सवर बसे आणि पेंटॅक्सची झेनिटवर.

१९७५ मध्ये पेंटॅक्सने आटे सोडून के-माउंट आणला. हा फिरवून खटकन बसणारा. तोही रिको, चिनॉन, कोसिना अशा इतर कंपन्यांनी उचलला. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांच्या हातात असणारा पेंटॅक्स के-१००० आणि व्हिव्हिटारचा व्ही-३८००एन हे दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, पण माउंट एकच. एकाची लेन्स दुसऱ्याला सरळ बसे, मध्ये कसलीही रिंग लागत नसे. तेव्हा एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लावणे हे काही आजचे खूळ नाही.

निकॉन आणि कॅनन यांनी मात्र आपापले माउंट वेगळे ठेवले. निकॉनचा एफ-माउंट १९५९ पासूनचा. कॅननचा एफडी-माउंट १९७१ चा. तो बाजूला ठेवून कॅननने १९८७ मध्ये ईएफ नावाचा संपूर्ण नवा, विजेवर चालणारा माउंट आणला. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा घोटाळा इथूनच सुरू होतो.

अंतराचा हिशेब

लेन्स आणि बॉडी जिथे एकमेकींना टेकतात त्या धातूच्या कडीपासून आतल्या सेन्सरपर्यंत (पूर्वी रोलपर्यंत) एक ठरलेले अंतर असते. प्रत्येक माउंटचे अंतर वेगळे. लेन्स तेवढ्याच अंतरावर असेल तरच दूरची वस्तू स्पष्ट येते. लेन्स थोडी जास्त पुढे राहिली तर जवळचे स्पष्ट दिसते, दूरचे मात्र धूसरच राहते, मग रिंग कितीही फिरवा.

हे आकडे असे आहेत. निकॉन एफ ४६.५ मिलिमीटर. एम-४२ आणि पेंटॅक्स के दोन्ही ४५.४६. कॅनन ईएफ ४४. मिनोल्टाचा जुना माउंट ४३.५. कॅनन एफडी ४२. आणि आजचे आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे : कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्‌स १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७ आणि निकॉन झेड १६ मिलिमीटर.

नियम एका ओळीत सांगता येतो : लेन्सचे अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त हवे. जितके जास्त, तितक्या जाडीची पोकळ रिंग मध्ये घालायची. तिलाच अ‍ॅडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, काही जादू नसते. लेन्सला तिच्या मूळच्या जागी उभे करणारा तो नुसता पाट आहे.

गिरणीत फिटर किंवा टर्नर म्हणून काम केलेल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. व्हर्नियर कॅलिपर हातात धरलेल्या माणसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाची किंमत माहीत असते. रिंग तेवढीही जाड निघाली तरी दूरचे धूसर होते.

कंपनी तीच, तरी बसेना

नायगावच्या एका मुलाने कॅननचा सेकंडहँड डीएसएलआर घेतला. त्याच्या मामांकडे कॅननचीच जुनी एफडी लेन्स होती. शेजारच्या काकांकडे निकॉनची होती. मुलाला वाटले, मामांची लेन्स तर घरचीच, कंपनीही तीच. प्रत्यक्षात मामांची लेन्स चालेना आणि काकांची चालली. तो आम्हाला विचारू लागला, "काका, कंपनी एकच आहे, मग असं कसं?"

आकडे पाहा. एफडी लेन्सला ४२ मिलिमीटर हवेत आणि ईएफ बॉडीत आधीच ४४ आहेत. म्हणजे लेन्स बॉडीत २ मिलिमीटर आत घुसायला हवी. ते शक्य नाही. तशीच कशीबशी लावली तर ५० मिलिमीटरची लेन्स फार तर सव्वा मीटरपर्यंतचे स्पष्ट दाखवील. नवरीच्या हातावरची मेंदी निघेल, पण स्टेजवरचे जोडपे निघणार नाही. उलट निकॉनच्या लेन्सला ४६.५ लागतात. बॉडीचे ४४ वजा केले की अडीच मिलिमीटर उरतात. अडीच मिलिमीटरची रिंग घातली की काम झाले.

त्याच न्यायाने एम-४२ ची हेलिओस कॅननच्या ईएफ बॉडीवर दीड मिलिमीटरहून थोड्या कमी जाडीच्या रिंगने बसते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र तिला एक मिलिमीटर कमी पडतो, आणि काही मीटरच्या पलीकडचे सारे अस्पष्ट राहते. यावर तोडगा म्हणून काही अ‍ॅडॅप्टरमध्ये छोटे भिंग बसवलेले असते. दूरचे दिसू लागते, पण स्वस्त भिंगामुळे फोटोचा दर्जा उतरतो. असा अ‍ॅडॅप्टर घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

आणखी एक सावधगिरी. १९७७ पूर्वीच्या काही निकॉन लेन्स नंतरच्या निकॉन बॉडीवर जबरदस्तीने बसवल्या तर बॉडीच्या कडेची छोटी पट्टी मोडू शकते. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकेतील बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस तिथे हातानेच करावा लागतो. म्हणजे एकाच कंपनीत लेन्स बसली तरी ती पुरती चालेल याची खात्री नाही.

आरसा गेला, वाट मोकळी झाली

जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असे. त्याला वर-खाली व्हायला जागा लागे, म्हणून अंतर ४०-४५ मिलिमीटरच्या घरात राही. २००८ मध्ये पॅनासॉनिक आणि ऑलिम्पस यांनी मायक्रो फोर थर्ड्‌स आणला आणि आरसाच काढून टाकला. सोनीचा ई-माउंट २०१० मध्ये आला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांचेही मोठ्या सेन्सरचे मिररलेस आले. अंतर एकदम १६ ते २० मिलिमीटरवर आले.

याचा आपल्याला फायदा असा की, वर सांगितलेली रोलच्या कॅमेऱ्याची प्रत्येक लेन्स मिररलेसवर साध्या रिंगने बसते. सोनीवर निकॉन लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिलिमीटरची रिंग. हेलिओस किंवा पेंटॅक्ससाठी २७.४६. मामांच्या त्या एफडी लेन्सलाही येथे २४ मिलिमीटरच्या रिंगने पुन्हा काम मिळते. डीएसएलआरवर पाठीमागून बाहेर आलेल्या लेन्सला आरसा आपटण्याची भीती असते, तीही येथे उरत नाही.

माउंट कोणासाठी खुला ठेवायचा हे शेवटी कंपनी ठरवते. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना मोफत दिली आणि त्या माउंटच्या परक्या लेन्स भराभर निघाल्या. कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या ऑटोफोकस लेन्स जाहीर व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. पण पोकळ रिंगला कोणाची परवानगी लागत नाही, हे ध्यानात घ्यावे.

काय सोडावे लागते

आता दुसरी बाजू. साध्या रिंगमधून वीज जात नाही. त्यामुळे ऑटोफोकस बंद. लेन्सचे तोंड किती उघडायचे ते लेन्सवरच्या कड्याने हाताने ठरवायचे. कॅमेऱ्याला लेन्स लागली आहे हेच कळत नाही. म्हणून मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही फोटो निघू दे' अशा अर्थाची सोय चालू करावी लागते. फोकससाठी मिररलेसच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहता येते, किंवा स्पष्ट असलेल्या कडा रंगीत दाखवणारी सोय वापरता येते.

ज्या लेन्सवर असे कडे नाही तिथे जपून. कॅननच्या ईएफ लेन्सचे तोंड विजेवरच उघडते-मिटते. साध्या रिंगवर ते हलत नाही. तिला आत विजेचे सर्किट असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो. निकॉनच्या जी लेन्सवरही कडे नसते. तिच्यासाठी रिंगलाच कडे असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. साधी रिंग एखाद-दोन हजारांच्या आसपास मिळते. सर्किटवाला अ‍ॅडॅप्टर त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. तेवढ्यात त्याच बॉडीची एखादी सेकंडहँड लेन्स येते का, हे आधी पाहावे.

लग्नात हार घालण्याचा क्षण एकदाच येतो. नवरा-नवरीला "पुन्हा घाला" असे सांगता येत नाही. म्हणून विधीच्या वेळी आणि वरातीत बॉडीबरोबर आलेली ऑटोफोकस लेन्सच लावावी. जुनी लेन्स काढावी ती बसलेल्या माणसांच्या फोटोला : नवरीचा चेहरा, आजीच्या सुरकुत्या, कडेवरचे मूल. अशा जागी एफ/२ च्या लेन्सला कमी उजेडही पुरतो आणि पाठीमागचे प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ढीग विरघळून जातात.

आपल्या लग्नांत पांढरी वस्त्रे असतात. सगळीकडे पांढरे दिसले की कॅमेरा उजेड कमी करतो आणि शुभ्र साडी करडी होते. ज्या बॉडीवर जुन्या लेन्ससह प्रकाश मोजला जातो तिथे साधारण एक स्टॉप जास्त द्यावा आणि पडद्यावर पाहून कमी-जास्त करावे.

खोली लहान, लेन्स लांब

स्वस्त बॉडीतला सेन्सर बहुधा रोलच्या चौकटीपेक्षा लहान असतो. म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर सुमारे ७५ ची वाटते. चार माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की साधारण २ मीटर रुंदी होते. रोलच्या आकाराच्या सेन्सरवर ती ९ फुटांवरून चौकटीत येतात. लहान सेन्सरवर १४ फूट मागे जावे लागते. बी.डी.डी. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की, पलंग आणि कपाट सोडून १४ फूट आणायचे कुठून? तेव्हा घरातल्या साखरपुड्याला जुनी पन्नासची लेन्स एकट्याने नेऊ नये.

२०१३ मध्ये भिंग घातलेला एक वेगळा अ‍ॅडॅप्टर निघाला. तो चित्र ०.७१ पट आकसून लहान सेन्सरवर आणतो. त्यामुळे दृश्य रुंद होते आणि उजेडही एक स्टॉपने वाढतो. कल्पना उत्तम, पण किंमत साध्या रिंगेसारखी नाही.

घेण्यापूर्वी तपासा

फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, चोरबाजारात जुनी लेन्स हाती लागते. पण मुंबईच्या पावसाळ्याने लेन्सला बुरशी धरते. लेन्समधून टॉर्च मारून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स सोडून द्यावी. आतल्या पात्यांवर तेल नको, फोकसची रिंग सलग फिरायला हवी. घरची लेन्स असेल तर ती कपड्यांच्या घडीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

रिंग घेताना आपली बॉडी आणि लेन्स पिशवीत घालूनच जावे. बसवल्यावर लेन्स डुगडुगत असेल तर परत करावी. मग बाहेर येऊन दूरची गिरणीची चिमणी किंवा टॉवर स्पष्ट येतो का ते पाहावे. दुकानदार म्हणेल, "दादा, सगळ्याला बसते." आपण विचारावे, "किती मिलिमीटरची आहे?"

यंत्र परके, समज आपली

आमच्या याच भागात दादासाहेब फाळके यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र'चे चित्रीकरण केले आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यांचा विल्यमसन कॅमेरा इंग्लंडहून आणलेला होता. पुढे कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र आतून समजून घेणाऱ्याला कंपनीच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे फोटोंतून जगापुढे मांडणारे सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहताना लेन्स कोणत्या कंपनीची होती, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. कामगाराचे डोळे आपल्याकडे पाहत असतात, तेवढे पुरे होते.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच : नवीन लेन्ससाठी कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घरातले कपाट उघडा, शेजारच्या काकांना विचारा. लेन्सवरचे नाव वाचा, माउंट ओळखा, कागदावर वजाबाकी करा. उत्तर शून्याच्या वर आले तर एक रिंग घ्या आणि आधी घरच्यांचेच फोटो काढून हात बसवा. शून्याच्या खाली आले तर पैसे खिशातच राहू द्या. आणि वडिलांच्या लेन्समधून निघालेला पहिला चांगला फोटो त्यांनाच आधी दाखवा.